भंडाऱ्याचं दुसरं वाक्य

एस.टी.तून उतरलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत झेंडूचे हार होते. एक जीपला, एक देवाला. खंडेनवमीचा दिवस, विट्याच्या बाजारात भाव ऐकून डोळे पांढरे झाले होते, तरी जीपचा हार मी मोठा घेतला होता. खरं सांगायचं तर देवाच्या हारापेक्षा मोठा. घराच्या वळणाला लागलो, अंगणातल्या लिंबाखाली बघितलं, तर जीप नव्हती.

साखळी होती. एक टोक लिंबाच्या बुंध्याला, दुसरं मातीत, आणि कुलूप उघडं. तोडलेलं नाही, नीट किल्ली लावून उघडलेलं. मागचं चाक जिथं असायचं तिथं एक दगड तेवढा पडला होता. बाकी अंगण रिकामं.

माझे वडील, नाना, ओट्यावर बसले होते. धोतर ओलंचिंब, अंगात सदरा नाही.

"नाना, गाडी कुठाय?"

त्यांनी मान वर केली नाही. "मला कुठं दिसतंय, दिनू," म्हणाले.

ते खरंच होतं. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून जायचे. जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर. घाटातून रात्री-अपरात्री गाड्या नेल्या, पण गाडीला कधी साधा ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावरही ड्रायव्हरचा पितळी बिल्ला सदऱ्याला लावल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. जीप त्यांच्याच फंडातून घेतलेली. पण चालवायचो मी, गाव ते विटा, भाड्यानं माणसं भरून, वडापला. एकदा मागं घेताना नानांनी ती कुंपणाला घासली, तेव्हा मी चार माणसांदेखत म्हणालो होतो, "आजपासून स्टेअरिंगला हात लावायचा नाही." त्यांनी नुसता बिल्ला चाचपला होता.

त्या वर्षी आमच्या भागात जीपगाड्या चोरीला जायचं पेवच फुटलं होतं. आज या गावातली गेली, उद्या त्या. मग मी कामाला लागलो. एक साखळी स्टेअरिंगपासून क्लचच्या पॅडलला. दुसरी बंपरपासून लिंबाला. शिवाय सीटखाली चोरबटण बसवून घेतलं. ते दाबल्याशिवाय किल्ली कितीही फिरवा, गाडी हूं की चूं करायची नाही. पारावरची माणसं चेष्टा करायची, "दिनू, गाडी हाय का खजिना?" मी नाक वर करून सांगायचो, "एका कुलपावर भरवसा ठेवतो तो खुळा. माझं सगळं दोन-दोन असतं."

किल्ल्यांच्या जुड्याही दोनच होत्या, कुलपांची आणि गाडीची किल्ली एकत्र. एक माझ्या करदोट्याला आणि दुसरी तायाप्पाकडं.

तायाप्पा आमचा शेजारी. दोन घरांत मिळून एक भिंत, आणि ती पण कमरेएवढी. आम्ही एकत्र वाढलो, एका ताटात जेवलो, एकाच म्हशीवर बसून पोहायला शिकलो. त्याचा बाप लवकर गेला तेव्हापासून नाना त्याला दुसरा मुलगाच मानायचे. दुपारच्या फेऱ्या तो मारायचा, म्हणून त्याला किल्ली दिलेली. चोरबटण कुठंय ते मला आणि त्याला, दोघांनाच ठाऊक, अशी माझी समजूत होती. त्या आठवड्यात मात्र तो गाडीवर नव्हता. दिवाळी झाली की तो त्रिचूरला निघणार होता, त्याची जुळवाजुळव चालली होती. आमच्या भागातली माणसं पार केरळपासून बंगालपर्यंत सोनं गाळायची दुकानं चालवतात, गलाईची. गावच्या वसंतरावांचं त्रिचूरला दुकान होतं. ते तायाप्पाला नेणार होते. पाच-सहा वर्षं इमानानं राहिला तर माणूस स्वतःचं दुकान टाकतो, तालुक्यातली निम्मी घरं अशीच वर आलेली. तिथं सही नाही, करार नाही. लोकांचं सोनं उघड्या हातात असतं, त्यामुळं गावचा एक शब्द खराब गेला की तो धंदा संपला.

मी हार ओट्यावर टाकले आणि भिंतीवरून हाक मारली. तायाप्पा नुकताच म्हसरं बांधत होता. डोक्याचे केस ओले, अंगावर कोरडी बंडी.

"तायाप्पा, गाडी न्हेलीस काय?"

"न्हाई."

"मग तुझी किल्ली दाव."

तो दाव्याची गाठ मारत राहिला. एवढी एक गाठ मारायला माणसाला किती वेळ लागतो?

"हरवली," म्हणाला.

"कधी?"

"आजच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्या किल्लीला लाल दोरा आणि कवडी बांधलेली असायची. ती तो कमरेला खोचायचा आणि झोपतानाही काढायचा नाही, हे मला ठाऊक होतं. मी काही बोलणार तेवढ्यात माझी बायको शालन ओढ्यावरून धुणं घेऊन आली. तिनं रिकामं अंगण बघितलं, धुण्याचा पिळा तिथंच टाकला आणि कपाळाला हात लावून बसली. मग मोरीकडं गेली आणि परत आली.

"अवं, बादली बी न्हाई. आन् घासायचा काथ्या बी."

"बघ," मी तायाप्पाकडं बोट केलं. "चोर बादली न्हेतोय का? जो घरातनं येतो-जातो त्यालाच बादली घावते."

हे असलं मी बोललो. त्या वेळी मला वाटलं, काय सणसणीत बोललो.

"दिनू," नाना ओट्यावरून म्हणाले, "आधी पाणी पी."

"तुम्ही धोतर बदला नाना, गारठून जाल," मी म्हणालो आणि चौकीकडं निघालो. ते ओले का आहेत हे मी विचारलं नाही. नवमीची आंघोळ उशिरा केली असेल, एवढं मनात येऊन गेलं, आणि तेही जीपच्या नादात निघून गेलं.

चौकीत तक्रार लिहून घेतली. विट्याच्या स्टँडपर्यंत, कराडच्या गॅरेजांपर्यंत विचारपूस झाली. कुणी काही बघितलं नव्हतं. नवमीला सकाळी सगळं गाव देवळात असतं, आणि माझी जीप रस्त्यानं गेली तर मीच चाललोय असं कुणालाही वाटणार. हवालदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, कुणावर संशय? मी नाव सांगितलं नाही. चांगुलपणानं नव्हे. चौकीत माणूस खोटं बोलून सुटतो. मला पक्कं काम करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघनाच्या आधी सगळे खंडोबाच्या देवळात जमतात, आणि त्रिचूरचे वसंतरावही सणाला आलेले. मी दगडू गुरवाला सांगून ठेवलं होतं. त्यानं परातीत बेलाचं पान ठेवलं, वर मूठभर भंडारा टाकला. आमच्याकडं बेलभंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. बोलला तर खंडोबा त्याचा वंश ठेवत नाही असं सगळे मानतात. आणि जो उचलत नाही तो चोर, हेही सगळे मानतात.

तायाप्पा बोलावल्याबरोबर पुढं आला. आदल्या दिवशीचं त्याचं अवघडलेपण कुठल्या कुठं गेलं होतं. नाना खांबाला टेकून बसले होते, अंगात नवा सदरा.

"म्हण," मी म्हणालो. "मी दिनूची गाडी न्हेली न्हाई."

"मी दिनूची गाडी न्हेली न्हाई," तो खणखणीत आवाजात म्हणाला आणि त्यानं परातीकडं हात नेला.

तिथंच ते संपायला हवं होतं. त्याचा आवाज ऐकून मलाही आतून कळलं होतं की हा खोटं बोलत नाही. पण माझं सगळं दोन-दोन. एक कुलूप मला पुरलं नाही.

"थांब," मी म्हणालो. "अर्धंच झालं. पुढं म्हण. आणि कुणी न्हेली, ते मला ठाऊक न्हाई."

त्याचा हात परातीवर थांबला. मग हळूहळू मागं आला. त्यानं तो हात धोतराला पुसला. त्याला काहीच लागलं नव्हतं, तरी पुसला.

"पैलं म्हणलो की," तो म्हणाला.

"दुसरं म्हण."

"दुसरं म्हणत न्हाई."

"का? ठाऊक हाय व्हय तुला?"

तो खांबाकडं बघत होता. मला वाटलं, देवाकडं बघवत नाही म्हणून दुसरीकडं बघतोय. देवळात कुजबूज सुरू झाली. वसंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दिनू," नानांचा आवाज आला. "गाडीच ती. जाऊ दे रं."

"नाना, तुम्ही मधी बोलू नका."

"माझं ऐकशील का?"

"त्याची बाजू घेत असाल तर न्हाई." मी सगळ्यांकडं वळलो. "ह्याला मी भाऊ मानला. घरची किल्ली दिली. बघा आता, भंडारा उचलवत न्हाई ह्याला."

माझ्या बोलण्यानं नानांचं तोंड बंद झालं, याचाही मला अभिमानच वाटला.

संध्याकाळी गावभर सोनं वाटलं गेलं. आपट्याची पानं घेऊन तायाप्पा घरोघर गेला आणि कुणी त्याच्या हातून पान घेतलं नाही. दार लोटत होते, नाहीतर आत काम आहे म्हणत होते. आमच्या ओट्यावर आला. मी आत निघून गेलो. खिडकीतून बघितलं तर त्यानं नानांच्या पायावर डोकं ठेवलं होतं, आणि नाना त्याला धरून रडत होते. मला एवढा राग आला की मी शालनला ओरडलो, "त्यांना आत घे."

वसंतरावांनी सकाळी निरोप धाडला, त्रिचूरला दुसरा माणूस बघितलाय. विट्यातल्या वडापवाल्यांनीही त्याला गाडीवर घेतलं नाही. दिवाळी झाली आणि तायाप्पा म्हसरं विकून बायकोच्या गावाला, माळेवाडीला निघून गेला. जाताना त्याची बायको इंदू आमच्या दारात उभी राहिली आणि शालनला म्हणाली, "वैनी, तुमच्या पोरांना आम्ही कधी उपाशी निजवलं न्हाई." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाना त्यानंतर एकदा माझ्या खाटेशी आले. थंडी पडायला लागली होती. जवळ बसले आणि माझ्या पायावर हात ठेवून म्हणाले, "दिनू, त्या तायाप्पाचं काय ते..."

"त्याचं नाव काढू नका," मी म्हणालो. "काढणार असाल तर मी उठून जातो."

त्यांनी माझ्या पायावरचा हात काढला. मग भिंत धरत आपल्या जागेवर गेले. माघात त्यांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत संपलं. अंगावर घालायला सदरा काढला तेव्हा शालन म्हणाली, बिल्ला कुठं दिसत नाही. आम्ही ट्रंक शोधली, फडताळ शोधलं. सापडला नाही. आणि दसऱ्यापासून त्यांनी तो लावलाच नव्हता, हे मला तेव्हा कुठं जाणवलं.

पुढं मी दुसरी जीप घेतली, मग विकली, मग पोरानं ट्रॅक्टर घेतला. बरीच वर्षं अशीच गेली. मग तो दुष्काळ आला. गावामागं एक जुनी दगडाची खाण आहे, कायम पाण्यानं भरलेली. एकदा एक पोरगं बुडालं, तेव्हापासून तिकडं पोहायला कुणी जायचं नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच तिचं पाणी तळाला गेलं. गाळ काढायचं ठरलं, इंजिनं लावून उरलेलं पाणी उपसलं, आणि ट्रॅक्टरवरून माझ्या पोराचा फोन आला. "आबा, तुम्ही या हिकडं."

गेलो. गाळात तिरकी बसलेली जीप होती. टप सडून गेलेला, पत्रा हाताला लागला की सुटत होता. नंबर वाचता येत नव्हता, पण मला नंबर कशाला पाहिजे. मी गुडघाभर चिखलातून आत वाकून बघितलं. स्विचला किल्ली होती. किल्लीला कवडी.

खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा मला आनंद झाला. म्हणालो, बघा, सापडला की नाही चोर.

मग पायाला बादली लागली. आमची बादली, कडीला मीच तार गुंडाळलेली. आणि आरशाच्या दांडीला, पूजेला अडकवतात तसा, तारेनं अडकवलेला पितळी बिल्ला. तो मी अंगठ्यानं पुसला. नंबर बघायची गरज नव्हती तरी बघितला.

मी तिथंच सीटच्या सांगाड्यावर बसलो. हात कुठंतरी टेकायचा म्हणून खाली नेला तर हँडब्रेक लागला. दांडा पूर्ण वर ओढलेला होता. पार शेवटच्या खाचेपर्यंत. तो मी बराच वेळ धरून बसलो. पोरगं काठावरून हाका मारत होतं.

दुसऱ्या दिवशी बिल्ला खिशात घालून मी माळेवाडीला गेलो. तायाप्पा गावाबाहेर शेळ्या राखत होता. सगळं डोकं पांढरं झालेलं. मला बघून त्यानं काठी जमिनीत रोवली आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला. मी बिल्ला पुढं केला.

तो त्यानं हातात घेतला. "खाण आटली व्हय," म्हणाला.

"तू का बोलला न्हाईस रं?"

"बसा," तो म्हणाला. मला तो आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करत होता.

बाभळीच्या सावलीत बसून त्यानं सगळं सांगितलं. मधून मधून शेळ्यांना हाळी देत होता.

"नाना भिंतीवरनं म्हणाले, तायाप्पा, तुझी किल्ली दे. दिनू हार आणायला गेलाय, तो यायच्या आत गाडी धुऊन चकचकीत करून ठिवतो. त्याला कळू बी द्यायचं न्हाई. म्या म्हणलं, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. तर म्हणाले, लेका, मी आयुष्यभर घाट चालवला, खाणीपर्यंत जायला मला तू लागतोस? मला न्हाई म्हणवलं न्हाई. तोंड एवढं हासरं झालं हुतं त्यांचं. चोरबटण सांगाया लागलो तर म्हणाले, ते मी पैल्याच दिवशी हातानं चाचपून ठिवलंय."

"मग?"

"मी म्हसरं घेऊन मागनं गेलो. पोचलो तर गाडी उतारावर हुबी, आन् नाना बाजूला. एक बादली वतून झाली हुती. बादली आत ठिवून बोनेट घासाया वळले, आन् गाडी आपली आपण निघाली. नाना तिला धराया धावले. हातानं. हातानं जीप धरत हुते. तिच्यासंगं पाण्यात गेले, म्या उडी टाकून वढून काढलं." त्यानं नाक पुसलं. "काठावर बसून एकच बोलत हुते. हँडब्रेक वढला हुता रं मी. वढला हुता."

मी खाली मान घातली.

"मग म्हणाले, सणाच्या दिवशी दिनूचं त्वांड कडू करू नगो. दसरा हुंदे, मी माझ्या तोंडानं सांगतो. तवर तू कुणाला बोलायचं न्हाई. कनवटीला त्यांच्या भंडाऱ्याची पुडी असायची. ती पार भिजलेली. त्या वल्या भंडाऱ्यावर हात ठिवून घेतली माझी आण." त्यानं एका शेळीला हाळी दिली. "आन् दुसऱ्या दिवशी तुम्ही परात पुढं केली. पैलं वाक्य खरं हुतं, म्हणलो. दुसरं खोटं हुतं. ते कसं म्हणू? आन् खरं बोलाया आधीची आण."

"नाना गेल्यावर तरी सांगायचंस."

"नाना सांगायच्या आधी गेले. ती आण माझ्या गळ्यातच ऱ्हायली. आन् सांगितलं असतं तर काय म्हणाला असता तुम्ही? मेलेल्या माणसावर ढकलतोय म्हणाला असता."

म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो.

"एक इचारू?" तायाप्पा म्हणाला. "गाडी बघितलीसा न्हवं आतनं? हँडब्रेक कसा हाय?"

शेळी पाला ओढत होती. मी तिकडं बघितलं.

"सगळं गंजलंय," मी म्हणालो. "कळत न्हाई."

त्यानं मान हलवली. "इसरले असतील. डोळं गेलं की माणूस बावचळतंय. म्या तर त्यांना त्याच दिवशी म्हणलं, ऱ्हाऊ द्या नाना, आता वय झालं."

निघताना मी त्याला रविवारी देवळात ये म्हणालो. सगळ्या गावापुढं सांगतो म्हणालो. इंदू झोपडीच्या दारात उभी होती. तिनं पाणी विचारलं नाही.

रविवारी देऊळ भरलं होतं. वसंतराव आता नव्हते, दगडू गुरवही नव्हता. त्याचा मुलगा मल्हारी परात घेऊन उभा होता. तायाप्पा आला, पण आत आला नाही. चपलांपाशी उभा राहिला. नाना ज्या खांबाला टेकून बसले होते त्या खांबापाशी उभं राहून मी बोललो. गाडी नानांनी नेली, धुवायला. ती खाणीत गेली. तायाप्पानं त्यांचा जीव वाचवला आणि त्यांना दिलेल्या शब्दासाठी तो चोर झाला. चोर मी केला, मी एकट्यानं. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. कुणीतरी तायाप्पाचा हात धरून त्याला आत आणलं.

"नानांचं म्हातारपण नडलं बगा," मागून कुणी म्हणालं. "एवढा ड्रायव्हर माणूस, आन् हँडब्रेक लावायचा इसरला."

मी काही बोललो नाही.

मल्हारीनं परात पुढं केली. "भंडारा उचला आबा. कसं म्हणायचं ते तुम्हाला काय सांगायचं. रीत तुमचीच."

मला कळलं नाही. तो म्हणाला, "त्या दसऱ्यापास्नं आपल्या गावात भंडारा दोन वाक्यांचाच असतोय. बोललो ते खरं, हे एक. आणि ठाऊक असलेलं काही लपवलं न्हाई, हे दुसरं. ही रीत तुम्हीच घालून दिलीसा."

"मी बोललो ते खरं हाय," मी म्हणालो. हात परातीकडं नेला.

"आन् दुसरं?"

माझा हात भंडाऱ्यावर थांबला. मग मागं आला. मी तो सदऱ्याला पुसला, आणि पुसताना मला कळलं की असंच एकदा कुणीतरी माझ्यादेखत पुसलं होतं.

"उचल की, दिनू," तायाप्पा म्हणाला. बऱ्याच वर्षांनी त्यानं मला नुसतं दिनू म्हटलं होतं. "आता कशाला थांबतोस?"

"हँडब्रेक वढलेला हुता," मी म्हणालो. "पार वरपर्यंत. मी माझ्या हातानं बघितलाय. तुला खोटं सांगितलं."

तो माझ्याकडं बघत राहिला.

"पण तो ब्रेक धरतच नव्हता. हप्ताभर आधीच सैल झाला हुता, मला ठाऊक हुतं. दसऱ्याच्या फेऱ्या बुडतील म्हणून दुरुस्त केला न्हाई. मागच्या चाकाला दगड लावायचो. तू गाडीवर नव्हतास, तुला सांगितलं न्हाई. नानांना सांगायचा प्रश्नच नव्हता, त्यांनी गाडीला हात लावायचाच नाही असं मीच म्हणलं हुतं. चोरासाठी साखळ्या लावल्या, चोरबटण लावलं, आणि घरातल्या माणसांना ब्रेकचं बोललो न्हाई. दगड अंगणातच ऱ्हायला. नानांचं काही चुकलं न्हाई."

तायाप्पा खांबापाशी खाली बसला. नाना बसायचे तसाच, पाय दुमडून. त्यानं खिशातून बिल्ला काढला आणि दोन्ही हातांत धरला.

"भेटतील तवा वढला हुता म्हणत हुते," तो म्हणाला. "मी गाव सोडताना बी म्हणाले. आन् म्या त्यांचं ऐकून घेतलं न्हाई. व्हय व्हय म्हणलं, येड्याला म्हणतात तसं." दसऱ्याच्या त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आज तो सगळ्यांदेखत रडला, आणि त्याला जवळ घ्यायला मी पुढं होऊ शकलो नाही. माझा तो हक्क राहिला नव्हता.

मल्हारी परात धरून तसाच उभा होता. हात अवघडला म्हणून त्यानं ती एकदा या हातातून त्या हातात घेतली.

तायाप्पानं तोंड पुसलं. बिल्ला परत खिशात घातला, मला दिला नाही.

"आता उचल," तो म्हणाला.

मी दुसरं वाक्य म्हणालो आणि भंडारा उचलला.